घरात आलेला चित्रपट, घराबाहेर राहिलेला कामगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कौटुंबिक चित्रपटाचा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. सासर आणि माहेर, दीर आणि भावजय, लग्न आणि अकाली मरण यांच्याभोवती फिरणारे कथानक पाहून घरोघर डोळे पुसले जातात. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा रेशनवर बोललेले बरे, असे मानणारे कार्यकर्ते पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. परंतु चित्रपट हा उद्योग आहे. त्यात हजारो माणसे रोजावर राबतात आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या उद्योगाच्या मिळकतीचा एक मोठा पाट चित्रपटगृहाकडून घराकडे वळला आहे. पाट वळताना कोणाच्या शेतात पाणी गेले आणि कोणाचे शेत कोरडे राहिले, हा प्रश्न रेशनच्या प्रश्नापासून फार दूरचा नव्हे.

उदाहरण एकाच चित्रपटाचे घेऊ. ५ ऑगस्ट १९९४ रोजी मुंबईच्या लिबर्टी चित्रपटगृहात राजश्री संस्थेचा ‘हम आपके हैं कौन..!’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सूरज बडजात्या. संस्था त्यांच्या आजोबांनी, ताराचंद बडजात्यांनी, १९४७ साली स्थापन केलेली. याच संस्थेच्या १९८२ सालच्या ‘नदिया के पार’ची कथा या चित्रपटात खेड्यातून उचलून कारखानदाराच्या बंगल्यात आणून बसवली होती. चौदा गाणी, सुमारे साडेतीन तासांची लांबी, खलनायक नाही, मारामारी नाही. जाणत्या समीक्षकांपैकी अनेकांनी त्याला लग्नाचा अल्बम ठरवून नाके मुरडली. प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला आणि लिबर्टीत तो शंभर आठवड्यांहून अधिक काळ चालला.

या यशाची कारणे सांगताना गाण्यांचा, माधुरी दीक्षितच्या जांभळ्या साडीचा आणि भारतीय संस्कृतीचा उल्लेख होतो. एका कारणाचा उल्लेख मात्र व्यापारी वर्तुळाबाहेर फारसा होत नाही. राजश्रीने या चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट बाजारात आणलीच नाही. घरी पाहण्याचे हक्क विकले नाहीत, प्रती मोजक्याच काढल्या, त्यांच्यावर कडक पहारा ठेवला आणि चांगल्या ध्वनियंत्रणेच्या चित्रपटगृहांत चढ्या दराने तिकिटे विकली. कुटुंबाने घरात एकत्र बसून पाहावा असा हा चित्रपट. तो पाहण्यासाठी कुटुंबाला घराबाहेर पडावे लागले. कॅसेट अडवून धरल्यामुळेच तिची खरी किंमत सर्वांच्या ध्यानात आली. मालकाला ती आधीच कळली होती. प्रश्न आहे तो कामगाराला ती कधी कळली, हा.

आता थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओ यंत्रे आली. काही रीतसर आयात झाली, काही आखातात नोकरीला गेलेल्यांनी सुटीवर येताना आणली. कोकणातल्या ज्या गावात एस.टी. दिवसातून दोनदा येई, तिथेही दुबईहून आलेले यंत्र असे. शहरात रंगीत संच आणि व्हिडिओ एका रात्रीसाठी भाड्याने मिळू लागले. चाळीत सत्यनारायणाची पूजा आटोपली की गॅलरीत पडदा बांधून पहाटेपर्यंत तीन चित्रपट पाहायचे, हा अनेक ठिकाणचा प्रघात झाला. चहाच्या हॉटेलांनी मागच्या खोलीत बाकडी टाकून व्हिडिओगृहे काढली. पुढे केबलवाल्यांनी एकाच यंत्रावर एक कॅसेट लावून सगळ्या वाडीला चित्रपट दाखवण्याची युक्ती काढली.

यातल्या बहुसंख्य कॅसेट चोरीच्या होत्या. त्यात गरिबाला स्वस्तात करमणूक मिळाली, असे म्हणून पुरोगामी मंडळींपैकी काहींनी या चोरीकडे कौतुकाने पाहिले. ते कौतुक अस्थानी होते. चोरीची कॅसेट काढणारा हा कोणी रॉबिनहूड नव्हता. तोही व्यापारीच होता, फक्त कर न भरणारा आणि कोणालाच वेतन न देणारा. तथापि, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या घरातल्या बाईला वर्षातून एकदाही चित्रपटगृहाची पायरी चढू दिली जात नव्हती, तिने पोळ्या लाटता लाटता का होईना, पण आपल्या आवडीचा चित्रपट पाहिला. दुपारच्या खेळाला शेजारणींबरोबर जाण्यात जे मोकळेपण होते, ते तिला यातून मिळाले नाही, हेही तितकेच खरे. दार बंद करून पाहिलेल्या चित्रपटात मध्यंतर झाले तरी चहा तिलाच करावा लागे.

सरकारला या प्रकरणी जाग आली ती १९८४ साली. त्या वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चोरी करणाऱ्याला किमान सहा महिन्यांची आणि कमाल तीन वर्षांची कैद, पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आली. प्रत्येक कॅसेटवर ती काढणाराचे नाव व पत्ता, हक्काच्या मालकाचे नाव व पत्ता आणि सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची नक्कल छापणे सक्तीचे झाले. कायदा चांगला होता. परंतु त्याने संरक्षण दिले ते मालकीला, श्रमाला नव्हे. कॅसेटच्या वेष्टनावर मालकाचा पत्ता आला. त्या कॅसेटच्या विक्रीतून चित्रपट घडवणाऱ्या माणसांना काय मिळावे, याबद्दल कायद्यात अक्षर नव्हते.

याचे मूळ कायद्याच्या एका जुन्या अर्थात होते. संगीतकार आणि गीतकार यांची संस्था व चित्रपट निर्मात्यांची संघटना यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन गीत लिहून वा स्वरबद्ध करून घेतले असेल आणि करारात वेगळे काही नसेल, तर त्याचा पहिला मालक निर्माताच होय. म्हणजे ठेकेदाराने गवंड्याकडून भिंत बांधून घ्यावी आणि भिंत ठेकेदाराची व्हावी, असा हा न्याय. निकाल एकमताचा होता. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला आपली एक स्वतंत्र टिप्पणी जोडली. भारतीय संगीतात गायकाचा गळा हाच प्राण असताना कायदा त्या गळ्याला ओळखतही नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. संसदेला तो विचार करायला बरीच वर्षे लागली.

वस्तुतः हा प्रश्न त्याही आधी चित्रपटसृष्टीतच उपस्थित झाला होता. १९६० नंतरच्या काळात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांना रॉयल्टीचा वाटा मिळावा अशी मागणी केली. महंमद रफी यांचे मत वेगळे होते. गाणे गायिले, त्याचे पैसे मिळाले, संबंध संपला, असे ते मानीत. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायिले नाहीत. रफींचे मत एका समाधानी आणि सज्जन माणसाचे मत होते, यात शंका नाही. पण ते मत मालकांना फार सोयीचे पडले. चित्रपटाचा व्यवहार एकदा होऊन संपत असता, तर ते न्याय्यही ठरले असते. तो व्यवहार संपत नाही. चित्रपटगृह झाले की कॅसेट, कॅसेट झाली की केबल, मग चकती, मग उपग्रह वाहिनी, आणि आता महिन्याची वर्गणी भरून हातातल्या फोनवर. एकच गाणे पाच वेळा विकले जाते आणि गाणाऱ्याचा संबंध मात्र पहिल्याच दिवशी संपलेला असतो.

‘हम आपके हैं कौन..!’ज्या वर्षी आला, त्याच १९९४ साली कॉपीराइट कायद्यात आणखी एक मोठी दुरुस्ती झाली. तिने गायक, नट, वादक अशा सादरकर्त्यांचे हक्क प्रथमच मान्य केले. कायदा वाचणाऱ्याला आनंद व्हावा आणि चार ओळींनंतर तो मावळावा, अशी त्याची रचना होती. कारण त्याच कलमात पुढे म्हटले होते, की सादरकर्त्याने आपली कला चित्रपटात समाविष्ट करण्यास एकदा संमती दिली की त्या चित्रपटापुरते हे हक्क त्याला लागू राहणार नाहीत. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची कला आपल्या विधिमंडळांना उत्तम साधली आहे.

या चित्रपटात मराठी माणसे किती होती, तेही पाहण्यासारखे आहे. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे. गायिका लताबाई. आणि संगीतकार रामलक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’पासून पुढे आलेला हा माणूस. जोडी दोघांची होती. जोडीदार अकाली गेला तरी पाटलांनी त्याचे नाव पुसले नाही आणि मे २०२१ मध्ये नागपुरात निधन होईपर्यंत ते दोघांच्या नावानेच ओळखले गेले. नावात तरी सहकाऱ्याचा वाटा राखण्याची अशी उदाहरणे या धंद्यात थोडीच.

लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्यात घरगड्याची भूमिका केली आहे. हा गडी घरच्यांबरोबर हसतो, क्रिकेट खेळतो, लग्नात मिरवतो, घरातली सून जिन्यावरून पडून मरते तेव्हा घरच्यांइतकाच रडतो. त्याला कोणी परका मानीत नाही. फक्त त्याचे वेतन किती, सुटी कधी, म्हातारपणी काय, हे साडेतीन तासांत कोणी विचारीत नाही. कुटुंबात असले प्रश्न विचारायचे नसतात! चित्रपटाचा धंदाही स्वतःला कुटुंबच म्हणवतो. युनिट म्हणजे एक परिवार, निर्माता म्हणजे वडीलधारा. वडीलधाऱ्याकडे करारपत्र मागणे हे कृतघ्नपणाचे लक्षण समजले जाते. दिवाळीला मिठाईचा डबा येतो, मुलीच्या लग्नाला आहेर येतो. तो प्रेमाने येतो, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण आहेर हा उपकार असतो आणि वाटा हा हक्क असतो. उपकाराची पावती कोणी ठेवीत नाही, म्हणून पुढच्या पिढीला तो मागता येत नाही.

१९८१ साली संसदेने सिने-कामगारांसाठी तीन कायदे केले. एकाने लेखी करार बंधनकारक केला, दुसऱ्याने उपकर बसवला आणि तिसऱ्याने त्या उपकरातून कल्याणनिधी उभारला. यातील उपकराची योजना बारकाईने पाहावी. सेन्सॉरचे प्रमाणपत्र घेताना निर्मात्याने प्रत्येक कथापटामागे एक ठरीव रक्कम भरायची. मग तो चित्रपट आठवड्यात पडो अथवा शंभर आठवडे चालो, त्याच्या दहा कॅसेट खपोत की दहा लाख, निधीत येणारी रक्कम तीच. म्हणजे कामगाराचे कल्याण चित्रपटाच्या जन्माशी बांधले गेले, मिळकतीशी नाही. तोही उपकर पुढे रद्द झाला. करपद्धती सुटसुटीत झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. अडचण निवारण्यासाठी जे होते, तेच अडचण म्हणून दूर झाले.

अमेरिकेचे नाव घेतल्याने कोणी बिचकू नये. तिथल्या भांडवलशाहीचे गोडवे गाण्यासाठी हे उदाहरण नाही. तिथल्या कामगार संघटनांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. कॅसेट नवी होती तेव्हा तिथल्या कंपन्यांनी लेखकांना सांगितले की कॅसेट बनवणे महाग पडते, म्हणून घाऊक विक्रीच्या मिळकतीतील केवळ २० टक्के रक्कम हिशेबात धरू. त्या वीस टक्क्यांवर दीड टक्का, मिळकत दहा लाख डॉलरांच्या पुढे गेल्यावर १.८ टक्के. म्हणजे शंभर डॉलरची मिळकत झाली तर लेखकाला तीस सेंट. लेखकांचा १९८५ सालचा संप यावर फुटला आणि हे सूत्र गळ्यात पडले. पुढे कॅसेट बनवणे स्वस्त झाले, चकती तर मातीमोल किमतीत निघू लागली, परंतु सूत्र बदलले नाही. २००७ च्या नोव्हेंबरात लेखक संपावर गेले, शंभर दिवस राहिले. चकतीचा वाटा दुप्पट करण्याची मागणी त्यांना संपाच्या उंबरठ्यावरच सोडून द्यावी लागली, पण इंटरनेटवरील चित्रपटांवर त्यांनी अधिकार मिळवला. २०२३ साली ते पुन्हा १४८ दिवस बाहेर बसले.

लेखकांचे झाले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दिवे लावणाऱ्यांची, सुतारांची, कॅमेरा ओढणाऱ्यांची आहे. त्यांच्या संघटनेने प्रत्येकाला स्वतंत्र धनादेश मिळावा असा हट्ट धरला नाही. घरी विकल्या जाणाऱ्या आणि वाहिन्यांवर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या मिळकतीतील ठरावीक हिस्सा आपल्या आरोग्य आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत जमा व्हावा, एवढे पदरात पाडून घेतले. तिथला एखादा दिवेवाला आजारी पडतो तेव्हा त्याच्या औषधपाण्यात कुठल्या तरी घरात कोणी पाहिलेल्या चित्रपटाचे चार पैसे असतात. लढ्याचा हा भाग मुंबईच्या संघटनांनी अभ्यासण्याजोगा आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्याय होईल. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारे प्रदर्शन वगळता अन्य कोणत्याही प्रकारे गीत, संगीत वा लेखन वापरले गेले, तर त्याच्या रॉयल्टीत लेखक-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा राहील आणि तो वाटा कोणत्याही कराराने काढून घेता येणार नाही, असे कायद्याने ठरवले. चित्रपटगृहाचे दार ओलांडून चित्रपट घराकडे निघाला की वाटा सुरू होतो, असा या तरतुदीचा साधा अर्थ. सादरकर्त्यांनाही व्यापारी वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. १९७७ ची टिप्पणी पस्तीस वर्षांनी का होईना, कायद्यात उतरली.

मात्र त्याच दुरुस्तीत एक बारीक परंतुक आहे आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ करावे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो रॉयल्टीच्या हिशेबात सादरकर्ता समजला जाणार नाही. ‘हम आपके हैं कौन..!’सारखा चित्रपट डोळ्यांसमोर आणावा. वरातीत नाचणारे, पंगतीत बसलेले, मांडवात फुले उधळणारे, पडद्याच्या कडेला उभे राहून हसणारे. त्यांच्यावाचून ते लग्न लागले असते काय? एकत्र कुटुंबाचा जो भरलेपणा पाहून प्रेक्षक भारावला, तो भरलेपणा या बिननावाच्या माणसांनी आणला. त्यांचे नाव लिहायचे नाही हा मालकाचा रिवाज आणि नाव नाही म्हणून हक्क नाही हा कायद्याचा न्याय! उंबरठा मालकाने घालायचा आणि तो ओलांडला नाही म्हणून दोष आत येऊ न शकलेल्याला द्यायचा.

यावर निर्मात्यांचे एक उत्तर असते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. दहा चित्रपटांतील बहुतेक बुडतात, ते नुकसान कामगार सोसतो काय, मग चाललेल्या चित्रपटात वाटा कशाला? यात तथ्यांश आहे. लहान निर्माते कर्जात बुडाल्याची उदाहरणे मराठीत तर पावलोपावली सापडतात. परंतु रॉयल्टी म्हणजे नफ्याची वाटणी नव्हे. ती विक्री झाली तरच द्यायची असते. बुडालेल्या चित्रपटाची कॅसेट खपत नाही, म्हणून त्यावर द्यावेही काही लागत नाही. शिवाय चित्रपट बुडतो तेव्हा शेवटच्या महिन्याचे वेतन आधी थकते ते कामगाराचेच. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईतील सिने-कामगारांच्या महासंघाने संप केला, तेव्हा पुढे असलेल्या मागण्या वेतन वेळेवर मिळावे आणि कामाचे तास ठरावेत, याच होत्या. ज्याला केलेल्या कामाचे पैसे मिळवण्यासाठी संप करावा लागतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या विक्रीतल्या वाट्यापर्यंत पोहोचणार केव्हा?

आणि आता तर कॅसेट उरली नाही, चकतीही उरल्यात जमा आहे. १९८४ च्या कायद्याने कॅसेटच्या वेष्टनावर मालकाचा पत्ता छापायला लावला होता. किती खपल्या, हे दुकानदाराकडे जाऊन मोजता तरी येत होते. आज चित्रपट कोणत्या घरात, कितीदा पाहिला गेला, हा आकडा फक्त दाखवणाऱ्या कंपनीच्या यंत्रात असतो. निर्मात्यालाही तो पुष्कळदा मिळत नाही. तो एकरकमी विकून मोकळा होतो. परिणामी रफींचे ते जुने मत, पैसे मिळाले आणि संबंध संपला, आज खुद्द निर्मात्यावर लागू झाले आहे. या एका गोष्टीमुळे तरी लहान निर्माता आणि कामगार यांना एका बाकावर बसवता येईल. वर्गसंघर्षाच्या शुद्ध व्याख्येत बसत नाही म्हणून ही संधी दवडण्याचे कारण नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. घरबसल्या पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या प्रत्येक विक्रीमागे, मग ती एकरकमी का असेना, ठरावीक टक्के रक्कम सिने-कामगारांच्या आरोग्य व निवृत्ती निधीत जावी. किती वेळा पाहिला गेला, हा आकडा संघटनेला मिळावा. श्रेयनामावलीत नाव नसल्याने हक्क जातो हे परंतुक काढावे आणि ते निघेपर्यंत प्रत्येक युनिटमधील गर्दीतल्या माणसांची यादी चित्रपटाच्या शेवटी लावण्याचा आग्रह संघटनेने धरावा. चार ओळी वाढल्याने साडेतीन तासांच्या चित्रपटाचे काही बिघडणार नाही.

सुरुवात मात्र याहून खालून करावी लागेल. गोरेगावात, कोल्हापुरात जिथे जिथे चित्रीकरण चालते, तिथल्या कामगारांना आधी एवढेच विचारावे, की तुमच्या हातात करारपत्र आहे काय, असल्यास ते कोणत्या भाषेत आहे, आणि त्यात ‘सर्व माध्यमे, आज ज्ञात असलेली व पुढे निघणारी’ अशा अर्थाचे वाक्य कोणत्या पानावर आहे. ते वाक्य कामगारांना मराठीत वाचून दाखवावे.